ऋतू बदलताना कादंबऱ्या वाचणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबऱ्या वाचायला आवडतात, पण पुढची कोणती हाती घ्यावी इथे घोडं अडतं, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. उत्तरांमागे भूमिका एकच आहे. ऋतू बदलला की आपली बैठक बदलते, आणि कादंबरी निवडायची ती बैठक बघून. विषय, वातावरण आणि मुखपृष्ठावरचा पाऊस यांचा विचार त्यानंतर.

ऋतूचा आणि वाचनाचा खरंच काही संबंध आहे, की ही नुसती हौस?

हौस आहेच, आणि असायलाही हवी. पण संबंध त्याहून ठोस आहे. उजेड किती वाजेपर्यंत टिकतो, अंगाला घाम सुटतो की हुडहुडी भरते, बाहेर पडता येतं की नाही, घरातल्या मुलांना सुट्टी आहे की परीक्षा, या सगळ्यावर सलग किती वेळ बसता येईल हे ठरतं. 60 अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरअखेर दिवस जेमतेम 6 तासांचा असतो आणि जूनअखेर जवळजवळ 19 तासांचा. तिथल्या वाचकाला हिवाळ्यात आयतीच लांबलचक संध्याकाळ मिळते. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर 12 तासांच्या आसपासच राहतो, त्यामुळे तिथे बैठक ठरवायचं काम ऊन आणि पाऊस करतात.

दर 20 मिनिटांनी उठावं लागणार असेल, तर दोन-दोन पानी वाक्यांची कादंबरी कितीही थोर असली तरी त्या दिवसांत जमणार नाही. त्यात कादंबरीचाही दोष नसतो आणि तुमचाही.

उन्हाळ्यात हलकंफुलकंच वाचावं का?

हा समज कुणी रुजवला कोण जाणे. उकाड्यात डोकं बंद पडत नाही, फक्त लवकर विटतं. त्यामुळे निवडायचं ते छोट्या प्रकरणांचं पुस्तक. विषय कितीही गंभीर असला तरी चालतो. शंभर-सव्वाशे पानांची लघुकादंबरी उन्हाळ्यात फार चांगली वाचून होते, कारण पहाटेच्या गारव्यात सुरू केलेली दोन-तीन दिवसांत संपते आणि मधला धागा सुटत नाही. पत्रांतून किंवा रोजनिशीतून सांगितलेल्या कादंबऱ्याही या दिवसांत सोयीच्या. दर पत्राशी थांबता येतं आणि थांबल्याची चुटपुट लागत नाही.

रहस्यकथेबद्दल मात्र सावध राहा. रात्री उकडतंय म्हणून उघडाल आणि पहाट कराल.

सुट्टीचा प्रवास असेल तर हिशेब उलटा होतो. आठ-दहा तास गाडीत बसायचं आहे, दुसरं काही करता येत नाही, अशा वेळी एरवी धीर होत नाही असं जाड पुस्तक न्यावं. एकच न्यावं. तीन नेलीत तर तिन्हींची पहिली तीस पानं वाचून परत याल.

पावसाळ्यात काय?

पावसाळा जाड कादंबरीचा. चार पिढ्यांची, पन्नास पात्रांची, पहिली साठ-सत्तर पानं नुसती माणसांची ओळख करून देणारी कादंबरी इतर वेळी सुरुवातीलाच हातातून गळते. ती पुरी करायला लागतात सलग दोन-तीन रिकाम्या दुपारी, आणि झड लागली की त्या आपोआप मिळतात. सुरुवातीचा चढ एकदा पार झाला की पुढे रोजच्या अर्ध्या तासातही ती चालू राहते. म्हणजे पाऊस लागतो तो सुरुवात करण्यापुरता. नंतर ऊन पडलं तरी बिघडत नाही.

अशा कादंबरीत नावं डोक्यात राहत नाहीत ही जवळजवळ प्रत्येकाची तक्रार असते. एक कोरा कागद पुस्तकखूण म्हणून वापरा आणि त्यावरच वंशावळ मांडत जा: कोण कुणाचं, कुणाचं कुणाशी वाजलं. पात्रांची यादी किंवा वंशवृक्ष काही पुस्तकांत आधीच छापलेला असतो, पण त्यात कधीकधी कोण मरणार हेही कळून चुकतं. स्वतः काढलेली वंशावळ अशी दगा देत नाही.

आणि थंडीत?

थंडीत संथ कादंबऱ्या. जिथे घडत फारसं नाही, पण माणसाच्या मनात काय चाललंय ते पानोपान उलगडत जातं, अशा. या पुस्तकांना शांतता लागते, आणि दारं-खिडक्या बंद असलेल्या रात्री ती असते. पांघरुणाबाहेर काढलेले हात गारठतात ही अडचण खरी आहे. पातळ पुस्तक एका हाताने धरता येतं, जाड पुस्तक पोटावर उशी ठेवून तिच्यावर टेकवावं.

पावसात पावसाचीच कादंबरी वाचावी का?

एकदा उलट करून बघा. बाहेर धो-धो कोसळत असताना वाळवंटात घडणारी गोष्ट वाचा, आणि वैशाखात बर्फात अडकलेल्या माणसांची. जे बाहेर आहे तेच पानावर असलं की लेखकाच्या वर्णनाकडे आपण परीक्षकासारखे बघतो. जे बाहेर नाही ते लेखकाला पूर्ण उभं करावं लागतं, आणि त्याला ते जमतं की नाही हे चटकन कळतं.

हवामानामुळे एखादी कादंबरी जन्माला आली, असं कधी झालंय का?

झालंय, आणि ते उदाहरण मोठं नाट्यमय आहे. एप्रिल 1815 मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यातून वातावरणात वर गेलेल्या गंधकयुक्त कणांनी सूर्यप्रकाश अडवला, आणि पुढच्या वर्षी युरोप व उत्तर अमेरिकेच्या काही भागांत उन्हाळा आलाच नाही. पिकं बुडाली, जूनमध्ये बर्फ पडलं. 1816 हे ‘उन्हाळा नसलेलं वर्ष’ म्हणूनच ओळखलं जातं. त्या वर्षी जिनीव्हा सरोवराकाठी सुट्टीला आलेल्या काही तरुण मंडळींना पावसाने घरात कोंडून घातलं. वेळ घालवायला त्यांनी ठरवलं की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. त्यांच्यातल्या 18 वर्षांच्या मेरी शेलीने जी गोष्ट सुरू केली तिची कादंबरी झाली ‘फ्रँकेन्स्टाइन’. ती 1818 मध्ये प्रसिद्ध झाली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय.

हा तपशील माहीत असला की त्या कादंबरीतला बर्फ आणि विजा वेगळ्या दिसू लागतात. पावसाळ्यात वाचायची असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही.

एकच कादंबरी वर्षभर, सगळे ऋतू पार करत वाचता येते का?

येते, आणि कादंबरीचा जन्म पाहिला तर ते स्वाभाविकच आहे. डिकन्सची पहिली कादंबरी 1836-37 मध्ये दरमहा एक भाग अशी निघाली. वाचकांनी तिच्यासोबत थंडीही काढली आणि उन्हाळाही. मराठीत हरी नारायण आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या दिल्या. दोन हप्त्यांच्या मधले दिवस वाचक तर्क करण्यात, वाद घालण्यात घालवत. एका बैठकीत फडशा पाडणाऱ्याला हे सुख मिळत नाही.

आज हे करून बघायचं तर दोन पुस्तकं सोयीची आहेत. टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’मध्ये 361 प्रकरणं आहेत, बहुतेक छोटी. रोज एक वाचलं तर वर्षात पुस्तक पूर्ण होतं आणि चार दिवस उरतात. दुसरं ब्रॅम स्टोकरचं ‘ड्रॅक्युला’ (1897). ही कादंबरी रोजनिशी, पत्रं आणि तारांमधून सांगितलेली आहे, 3 मे रोजी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत जाते. नोंदी ज्या तारखेच्या त्या तारखेलाच वाचायच्या. पुस्तकात त्या काटेकोर कालक्रमाने छापलेल्या नाहीत, त्यामुळे तारखेप्रमाणे वाचताना मागे-पुढे पानं उलटावी लागतात. पण मग एखाद्या पात्राकडून आठवडाभर काहीच खबर येत नाही आणि आपल्याला खरीच काळजी वाटू लागते. हा परिणाम छापील क्रमाने वाचताना येत नाही.

नवीन कादंबऱ्या सापडतात कुठे? याद्या तर सगळीकडे आहेत.

याद्यांची अडचण हीच की त्या सगळीकडे आहेत आणि सगळ्या सारख्याच आहेत. नवं पुस्तक शोधायचा भरवशाचा मार्ग तुम्हाला आवडलेल्या पुस्तकातूनच निघतो. ते पुन्हा हातात घ्या आणि गोष्ट सोडून बाकी सगळं वाचा. अर्पणपत्रिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, प्रत्येक भागाच्या डोक्यावर दिलेले दुसऱ्या कुणाचे उतारे. आपल्याला कुणी घडवलं हे लेखक तिथे उघड सांगत असतात. मग त्या लेखकाच्या मुलाखती शोधा. मुलाखतकार ‘तुम्ही काय वाचता?’ हा प्रश्न हमखास विचारतो, आणि त्या उत्तरात बहुधा तुम्ही न ऐकलेली दोन-तीन नावं असतात.

पुस्तक अनुवादित असेल तर अनुवादकाचं नाव लिहून ठेवा. चांगला अनुवादक वाट्टेल ते हाती घेत नाही. एका पुस्तकावर महिनोन् महिने घालवायचे म्हटल्यावर निवड चोखंदळ होतेच. एखाद्या अनुवादकाची दोन पुस्तकं आवडली तर तिसरं डोळे मिटून घ्यायला हरकत नाही. छोट्या प्रकाशकांच्या बाबतीतही हेच. त्यांची वर्षाला मोजकीच पुस्तकं निघतात, त्यामुळे त्या यादीवर संपादकाच्या आवडीचा ठसा दिसतो. मोठ्या प्रकाशकाच्या यादीत सगळ्यांसाठी सगळं असतं, तिथून असा माग काढता येत नाही.

माणसांना विचारायचं तर ‘एखादं चांगलं पुस्तक सुचव’ असं विचारू नका. त्यावर समोरचा जे सुचवणं शोभून दिसतं तेच सुचवतो. ‘अलीकडे कशाने तुझी झोप उडवली?’ असं विचारा.

पुरस्कार मिळालेल्या कादंबऱ्या घ्याव्यात का?

घ्याव्यात, पण विजेत्यापेक्षा लांब यादी, म्हणजे परीक्षकांनी पहिल्या फेरीत निवडलेली पुस्तकं, जास्त कामाची. विजेता म्हणजे परीक्षकांनी आपसात केलेली तडजोडही असू शकते. बुकर पुरस्काराच्या लांब यादीत साधारण 12-13 कादंबऱ्या असतात, आणि ज्या एका पुस्तकावर एखादा परीक्षक अडून बसला असेल ते तिथेच कुठेतरी असतं. आंतरराष्ट्रीय बुकर 2016 पासून दरवर्षी इंग्रजीत अनुवादित झालेल्या एका पुस्तकाला दिला जातो आणि बक्षिसाची रक्कम लेखक व अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. 2022 मध्ये तो गीतांजली श्री यांच्या मूळ हिंदी कादंबरीला, अनुवादक डेझी रॉकवेल यांच्यासह, मिळाला. साहित्य अकादमी 24 भाषांमधल्या पुस्तकांना पुरस्कार देते आणि 1989 पासून अनुवादासाठीही वेगळे पुरस्कार आहेत. ही अनुवादाची यादी फार कमी लोक चाळतात. शेजारच्या भाषेत काय चाललंय ते कळायला तिच्याइतकं सोपं साधन नाही.

वाचनालयात गेल्यावर कपाटांसमोर गोंधळायला होतं. काय करावं?

पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा बघा. ड्यूई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या 1876 मध्ये निघालेल्या पद्धतीत, 891.463 हा मराठी कथा-कादंबऱ्यांचा आकडा. हिंदीचा 891.433 आणि बंगालीचा 891.443. म्हणजे या पद्धतीने लावलेल्या वाचनालयात तीन भाषांच्या कादंबऱ्या हाताच्या अंतरावर असतात. काही वाचनालयं कादंबऱ्या वेगळ्या काढून लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावतात. तिथे ज्या लेखकासाठी आलात त्याच्या डावी-उजवीकडची दोन पुस्तकं उघडून बघायची. वर्णक्रमाने घडवलेला हा निव्वळ योगायोग, पण कोणत्याही शिफारसयंत्राला तो साधत नाही.

नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा अजून जागेवर गेला नसेल तर तो सोडू नका. कुणीतरी ती नुकतीच वाचली आहेत, एवढी शिफारस पुरे.

ऑनलाइन तारांकनांवर विश्वास ठेवावा का?

सरासरीवर नको. पाच आणि एक तारा देणारे दोघेही बाजूला ठेवा आणि तीन तारे देणाऱ्याने काय लिहिलंय ते वाचा. त्याला काय आवडलं आणि काय खटकलं हे दोन्ही त्याने सांगितलेलं असतं. ‘फारच संथ, शेवटी काही उलगडतच नाही’ ही तक्रार वाचून तुमचे कान टवकारले, तर पुस्तक तुमचंच आहे.

पुस्तक जमणार की नाही हे घेण्याआधी कसं ओळखायचं?

पहिलं पान सगळेच लेखक घासूनपुसून लिहितात. मधलं एखादं पान उघडा, शक्यतो संवादांचं. सगळी पात्रं एकाच आवाजात बोलत असतील तर पुस्तक ठेवून द्या. मलपृष्ठावरचा मजकूर पहिल्या दोन ओळींपलीकडे वाचू नका, तिसऱ्या ओळीपासून कथानक फोडायला सुरुवात होते.

आवडत नसलेली कादंबरी अर्धवट सोडली तर चालेल का?

चालेल. पण का सोडताय ते स्वतःला विचारा. कंटाळा पुस्तकाचा आहे, की दमल्या अंगाने चुकीच्या वेळी ते उघडलं म्हणून आलाय? दुसरं कारण असेल तर पुस्तक दोन-तीन महिन्यांनी, हवा पालटल्यावर पुन्हा काढा. पानं मोजून ‘पन्नास पानांत पकडलं नाही तर रामराम’ असा नियम काही जण पाळतात. दीडशे पानांच्या पुस्तकाला तो ठीक आहे, आठशे पानांच्या पुस्तकावर अन्याय करणारा आहे.

एका वेळी दोन-तीन कादंबऱ्या वाचू का?

एक कादंबरी आणि एक दुसरं काहीतरी. दोन कादंबऱ्यांतली पात्रं एकमेकांच्या घरात शिरतात.

वाचलेली कादंबरी पुन्हा वाचण्यात काय अर्थ? न वाचलेल्या इतक्या पडल्यात.

पहिल्या वाचनात आपण ‘पुढे काय’ या घाईत असतो. शेवट माहीत झाल्यावर लेखकाने सुरुवातीलाच कुठे काय पेरून ठेवलं होतं ते दिसायला लागतं. पुनर्वाचन मुद्दाम वेगळ्या ऋतूत करा. उन्हाळ्यात दोन दिवसांत संपवलेली लघुकादंबरी थंडीत आठवडाभर पुरवून वाचली तर तिच्यातली गौण पात्रं पुढे येतात. विशीत जिच्या नायकावर जीव जडला, चाळिशीत त्याच नायकाच्या आईची बाजू पटू लागते, हे तर पुष्कळांनी अनुभवलं असेल.

ई-वाचक घ्यावा की छापील पुस्तकच बरं?

ज्यात हात कमी दुखतील ते. ई-वाचकाचा ई-शाईचा पडदा परावर्तित उजेडावर चालतो, त्यामुळे भर उन्हात फोनपेक्षा तो कितीतरी स्पष्ट दिसतो. कडाक्याच्या थंडीत मात्र त्याची पानं उलटायला वेळ लागतो. अक्षर मोठं करता येणं हा त्याचा खरा गुण, वय वाढलेल्या वाचकांना विचारा. ऐकायच्या कादंबऱ्यांसाठी कथन सरळ रेषेत जाणारं आणि पात्रं मोजकी असलेलं पुस्तक निवडा. ऐकताना मागचं पान उलटून बघणं जिकिरीचं असतं.

फुकट आणि कायदेशीर वाचायला मिळतं का?

जुन्या कादंबऱ्या मिळतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी आणि युरोपीय देशांत 70 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यानंतर पुस्तक कुणालाही छापता आणि वाटता येतं. 1971 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर अशी हजारो पुस्तकं आहेत, बहुतेक इंग्रजी. अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो हे विसरू नका. मूळ लेखक दोनशे वर्षांपूर्वीचा असला तरी कालचा अनुवाद फुकट नसतो.

दमट हवेत पुस्तकांना बुरशी येते. उपाय?

हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचा धोका वाढतो. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे हवा खेळू द्या आणि पुस्तकं दाबून भरू नका. कसर खळीवर जगते, त्यामुळे जुन्या बांधणीच्या पुस्तकांचा कणा अधूनमधून तपासा.

पुस्तक भिजलंच तर कडक उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडतो आणि वाकतो. पानं किंचित उघडून पुस्तक उभं ठेवा, पंखा लावा, दर काही पानांनंतर टिपकागद किंवा साधा कोरा कागद घाला आणि तो बदलत राहा. गुळगुळीत कागदाचं पुस्तक असेल तर घाई करा, त्याची पानं वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. एकाच वेळी पुष्कळ पुस्तकं भिजली आणि सगळ्यांकडे बघायला वेळ नसेल, तर पिशवीत घालून थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवा. गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही. सवडीने एकेक काढून वाळवता येतं. ग्रंथसंग्रहांमध्येही आपत्तीच्या वेळी हाच मार्ग वापरतात.

वाचलेल्याची नोंद ठेवावी का?

ठेवावी, पण तारे आणि आकडे नकोत. पुस्तकाचं नाव, महिना, ते कुणामुळे कळलं, आणि एक ओळ. ‘कुणामुळे’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. वर्षभराने तो चाळलात की कोणाची शिफारस तुम्हाला मानवते आणि कोणाची नाही हे स्पष्ट दिसतं.

न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग वाढतच चाललाय.

मग तो ऋतूप्रमाणे वाटून टाका. पातळ पुस्तकं एका कप्प्यात, जाड एका, संथ एका. प्रत्येक ऋतूच्या तोंडाशी फक्त त्या त्या कप्प्यातली चार-पाच पुस्तकं हाताशी काढायची, बाकीची नजरेआड. दोन पावसाळे हाताशी येऊनही ज्याचं पहिलं पान उलटलं गेलं नाही ते पुस्तक वाचनालयाला देऊन टाका. तिथे त्याला वाचक मिळेल, आणि तुम्हाला कधी वाचावंसं वाटलंच तर ते कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच.